चरात अडकलेली परीक्षा

ज्या वर्षी अख्ख्या स्वीडनने एका पहाटे रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली, त्याच हिवाळ्यात एडला लुंडमार्कने गाडीची परीक्षा दिली. लोकांना नव्या बाजूची सवय व्हावी म्हणून सरकारने पत्रकं वाटली, रेडिओवरून कानीकपाळी ओरडून सांगितलं, दुधाच्या खोक्यांवरसुद्धा खुणा छापल्या. सप्टेंबरात सगळं सुरळीत पार पडलं, कारण सप्टेंबरात रस्ता दिसतो. जानेवारीत कल्वलिडेनच्या रस्त्याला बाजूच उरत नसत. मधे दोन चाकोऱ्या आणि दोन्हीकडे खांद्याला लागतील एवढ्या बर्फाच्या भिंती. जो तो आपला मधून जायचा. समोरून कोणी आलं की मग आठवायला लागायचं, आता आपण कुठल्या बाजूचे?

एडलाचं वय साठीला टेकलेलं. तिचा नवरा याल्मार त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेला. काळी, गोल पाठीची, दोन दारांची गाडी त्याने जन्मभर लेकरासारखी जपली आणि बायकोला तिच्या स्टिअरिंगला कधी बोट लावू दिलं नाही. थर्मास धरायचा आणि रेनडिअर दिसलं की ओरडायचं, एवढी दोनच कामं तिच्याकडे. तो गेल्यावर तिने गोठलेल्या तळ्यावर गाडी नेऊन शिकून घेतली. शेजारचा एव्हर्ट बाजूला बसायचा. तळ्यावर डावं-उजवं काही नसतं आणि धडकायला फक्त बर्फात भोकं पाडून मासे धरत बसलेली माणसं असतात. एडला येताना दिसली की ती स्टुलं उचलून पळायची.

शिकायला कारणही तसंच होतं. वसंतापासून कल्वलिडेनची बस बंद होणार होती. बस गेली की दुकान, डॉक्टर, चर्च, सगळंच गेलं. मग म्हाताऱ्या बाईने एकटीने तिथे राहायचं कसं? याचं उत्तर तिच्या नणंदेकडे, सिग्निल्डकडे, तयार होतं. तालुक्याच्या गावात सिग्निल्डचा फ्लॅट होता.

"खोली झाडून ठेवलीय गं," सिग्निल्ड म्हणायची. "तुला ना चूल पेटवायला नको, ना फावडं मारायला नको. दिवसभर आपण दोघी बसू."

ते शेवटचं वाक्य ऐकलं की एडला फावडं घेऊन अंगणात निघायची.

परीक्षा घ्यायला आल्ग्रेनसाहेब यायचे. माणूस दक्षिणेतला. तिकडे बर्फ दार वाजवून येतो आणि दुपारी निघून जातो. अंगाने एवढे भरलेले, की गाडीत बसले की गाडी त्यांच्या बाजूला कलायची. पायांत पातळ तळव्यांचे चकचकीत बूट. तालुक्याच्या गावी त्यांची ही शेवटचीच खेप होती. पुढच्या महिन्यापासून परीक्षेला किनाऱ्यावरच्या शहरात जावं लागणार होतं आणि तिथे चौकाचौकात ट्रॅफिकचे दिवे. एडलाने ट्रॅफिकचा दिवा आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही बंद पडलेला. तेव्हा आज नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कल्वलिडेनपर्यंत जायचं आणि परत यायचं," साहेब म्हणाले. "मी सांगेन तसं वळायचं. समजलं?"

एडलाने ओठ आवळून श्वास आत ओढला. श्शुप्.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"हो म्हणाले मी, साहेब. आमच्याकडे असंच म्हणतात."

कल्वलिडेनला जाऊन परत फिरेपर्यंत सगळं छान चाललं होतं. कल्वलिडेनच्या वळणावर समोरून बर्फ सारणारा ट्रक आला. पुढे लोखंडी फाळ, फाळापुढे बर्फाचं धुकं आणि धुक्यात दोन पिवळे दिवे. गाडीत आरडाओरडा झाला. एडलाने स्टिअरिंग डावीकडे मारलं. ट्रकही त्याच्या डावीकडे सरकला. दोन्ही वाहनं एकमेकांना केसाचाही धक्का न लावता इतक्या सुबकपणे गेली की बघणाऱ्याने टाळ्या वाजवल्या असत्या. मग काळी गाडी डावीकडच्या चरात अलगद जाऊन बसली आणि सगळं शांत झालं.

"आपण कुठल्या बाजूला आलो?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात त्या."

"मी काय म्हणालो?"

"डावीकडे, डावीकडे, देवा रे, डावीकडे."

"देवा रे मी म्हणालो नाही."

"ते मी म्हणाले. डावीकडे तुमचं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. चाळीस वर्षांची सवय एका सप्टेंबरात जात नाही, हे दोघांनाही कळत होतं. पण ते कबूल कोणी करायचं? साहेबांनी घसा खाकरला. "परीक्षा चालू आहे," ते म्हणाले. "रस्त्यावर परत या आणि पुढे चला."

"मग जरा उतरून ढकलता का?"

"परीक्षकाने मदत केली की उमेदवार नापास. परीक्षक उतरला की परीक्षा संपली. नियम आहे."

एडलाचं दार बर्फाच्या भिंतीला चिकटलेलं होतं, म्हणजे बाहेर पडायची वाट साहेबांच्या बाजूनेच. आणि साहेब तर उतरणार नाहीत. तेव्हा कल्वलिडेनची एडला लुंडमार्क लोकरीच्या जाड बुटांसकट एका सरकारी माणसाच्या मांडीवरून रांगत बाहेर गेली. साहेब टपाकडे बघत बसले होते.

याल्मारने तीस हिवाळे जे केलं ते तिने सगळं केलं. डिकीतल्या पिशवीतली राख चाकांखाली पसरली, कडेच्या स्प्रूस झाडांच्या फांद्या मोडून खुपसल्या, त्यावर याल्मारचा जुना ओव्हरकोट अंथरला. परत मांडीवरून आत. पहिला गिअर, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. गाडी पाळण्यासारखी झुलायला लागली. आता निघाली, आता निघाली असं वाटत असतानाच चाकाने ओव्हरकोट आत ओढून घेतला आणि मागे रस्त्यावर फेकून दिला. गाडी पोट टेकून बसली.

"पाय फार जोरात देता," साहेब म्हणाले.

"याल्मारपण हेच म्हणायचा," एडला म्हणाली. "तोही बसूनच म्हणायचा."

तेवढ्यात मागून ट्रक परत आला. या खेपेला त्याने थांबायचं मनात आणलं होतं, पण फाळाने त्याआधीच आपलं काम केलं. बर्फाची एक लाट उठली आणि गाडीवर कोसळली. आत अंधार झाला. एडलाने हॉर्न दाबून धरला. थोड्या वेळाने पुढच्या काचेवर फावडं खरवडलं, उजेड आला आणि उजेडात एव्हर्टचं लाल नाक.

"एडलाकाकू! तू होय? मला वाटलं कोणी परगावचं."

"एव्हर्ट, मेल्या, चालवतोस कुठल्या बाजूने?"

"डावीकडूनच की. फाळ अजून जुन्या बाजूचाच आहे ना. नवा मागवलाय म्हणतात, येतोय कुठे? उजवीकडून गेलो तर सगळा बर्फ रस्त्याच्या मधे पडतो. सगळा हिवाळा डावीकडूनच मारतोय. तू मात्र त्या परीक्षावाल्याच्या कानावर घालू नको हं."

"तो इथेच बसलाय," एडला म्हणाली.

एव्हर्टने वाकून पलीकडे पाहिलं आणि टोपी काढली. "नमस्कार साहेब. हवा बरी आहे नाही?"

गाडी ओढायचा दोर तालुक्याच्या गावी राहिला होता. एव्हर्ट माणसं आणायला गेला आणि घटकाभरात सगळं कल्वलिडेन फावडी घेऊन हजर झालं. बर्फात गाडी रुतली म्हणजे त्या काळी कोणाला बोलवावं लागत नसे, खबर गेली की पुरे. त्यांच्यातच सिग्निल्डही होती. आदल्या दिवशीच ती संध्याकाळच्या शेवटच्या बसने येऊन एडलाच्या शेजारच्या घरी उतरली होती, एडलाचं सामान बांधायला मदत करायची म्हणून. हातात कॉफीची मोठी किटली, काखेत चीजच्या तुकड्यांचा डबा.

"काय गं एडला," ती म्हणाली, "गाडी चालवत होतीस की पेरत होतीस?"

"तुम्ही आलात, वन्सं. आता काही कमी नाही."

तिकडची रीत अशी की दहा माणसं कामाला जमली की आधी कॉफी. कपात चीजचे तुकडे टाकायचे, वरून कॉफी ओतायची. पहिला कप, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याच्या आधी कोणी उठलं तर तो घरच्या बाईचा अपमान. कप फिरत फिरत गाडीच्या खिडकीशी आला. साहेबांनी हात आडवा केला.

"नको. परीक्षा चालू आहे."

फावडी खाली आली. कल्वलिडेनमध्ये कॉफीला नाही म्हणणारा माणूस याआधी एकच होऊन गेला होता आणि तोसुद्धा पुढे वेडा ठरला. आता कॉफी नाकारली म्हणजे गाडीला हात लावायचा कसा? सगळे पाय आपटत उभे राहिले.

"पोटाचं काही आहे का?" कोणीतरी हळूच विचारलं.

"उमेदवाराच्या घरचं काही घेता येत नाही," साहेबांनी समजावलं. "लाच होते."

"अहो, कॉफी तिची कुठे आहे?" सिग्निल्ड पुढे झाली. "माझी आहे. आणि मला तर ती नापास झालेली हवी. घ्या बिनधास्त."

साहेब विचारात पडले. मग त्यांचा चेहरा आणखीनच पडला. "उमेदवार नापास व्हावा म्हणून दिलेली कॉफी, ती पण लाचच झाली. दुसऱ्या बाजूची."

आता आली का पंचाईत! किटलीच्या तोंडाशी वाफ गोठायला लागली. शेवटी एव्हर्टने डोकं खाजवलं. "एडलाकाकूच्या थर्मासमधला एक कप आणि सिग्निल्डबाईंच्या किटलीतला एक. दोन्ही बाजूंच्या लाचा झाल्या की फिटंफाट. आणि तिसरा माझ्या डब्यातला. मला कशाचंच काही नाही, मला फक्त रस्ता मोकळा हवा."

साहेबांनी बराच वेळ हिशेब केला आणि मान हलवली. तीन कप झाले. तिसऱ्या कपातले चीजचे तुकडे त्यांनी चमच्याने शोधून शोधून खाल्ले, तेव्हा गावाचा जीव भांड्यात पडला.

मग उकरायला सुरुवात झाली. पण जेवढं उकरावं तेवढी गाडी खाली जाई, कारण खाली जमीन लागतच नव्हती. हिवाळाभर एव्हर्टच्या फाळाने तिथे भुसभुशीत ढीग लावून ठेवला होता. "उचला," कोणीतरी म्हणालं. गावातले सगळे बाप्ये आणि तीन दणकट बायका गाडीला लागल्या. एक, दोन, आणि काळी गाडी चरातून वर आली, आत एडला आणि साहेब धरून. रस्त्यावर टेकवली तर चाकं पुन्हा रुतली. तेव्हा ठरलं की फाट्यापर्यंत उचलूनच न्यायची, तिथला रस्ता टणक आहे.

गाडी चालू लागली. म्हणजे माणसं चालू लागली. बर्फ त्यांच्या बुटांखाली करकरत होता आणि खिडकीच्या काचेला लोकांच्या टोप्या घासत होत्या. एडलाने हात मांडीवर ठेवले होते.

"हात स्टिअरिंगवर," साहेब म्हणाले. "परीक्षा चालू आहे. पुढे डावं वळण आहे."

एडलाने डावीकडचा दिवा लावला. पुढचे बाप्ये दिवा बघून डावीकडे वळले. तिने आरशात पाहिलं. आरशात सिग्निल्ड किटली घेऊन मागून येत होती, अंतर बरोबर राखून.

"वेग?" साहेबांनी विचारलं.

"उताराला जरा वाढतो, साहेब."

"मग आवरा."

"अरे, हळू!" एडला काच खाली करून ओरडली. "साहेब म्हणतात, वेग फार होतोय!"

"साहेबांना म्हणावं, उतरा म्हणजे आपोआप कमी होईल!" खालून उत्तर आलं. "काकू, ही गाडी जड नाहीये, हा माणूस जड आहे!"

चर्चच्या वाटेला थांबायची पाटी होती. एडलाने ब्रेक दाबला. चाकं हवेत होती, पण मागचे लाल दिवे लागले आणि माणसं जागच्या जागी थांबली. दोन्हीकडे पाहिलं. लांबून एक म्हातारा पायाने रेटायच्या घसरगाडीवरून येत होता. त्याला जाऊ देणं भाग होतं. म्हातारा गाडीखालच्या माणसांपाशी थांबून विचारपूस करू लागला.

"मेल्या, आधी जा पुढे!" माणसं कळवळली. "तुला रस्ता दिलाय तिने!"

फाट्याच्या आधी चढ लागला आणि तिथे माणसं दमली. गाडी खाली टेकवली. बर्फ इथे बरा टणक होता, चाकांनी पकड घेतली, गाडी हातभर वर सरकली आणि पुन्हा मागे आली. पुन्हा वर, पुन्हा मागे. सगळं साहेबांच्या वजनावर अडलं होतं. एक माणूस आतून कमी झाला आणि तोच मागून लागला तर गाडी निघणार, हे रेनडिअरलासुद्धा कळलं असतं. पण सगळे गप्प राहिले. परीक्षक उतरला की परीक्षा संपली, हे तोवर गावभर झालं होतं. एवढं वाहून आणलेलं कोणाला फुकट घालवायचं नव्हतं.

एडलाने आरशात पाहिलं. मागे वाकलेली माणसं दिसत होती. गोठलेल्या मिशा, लाल मनगटं. एकाचा हातमोजा फाटला होता. ही सगळी आज आपली कामं टाकून आली होती. उद्या ती सिग्निल्डच्या फ्लॅटमध्ये गेली तर यांच्यातलं कोणी तिकडे खिडकीतून दिसणार नव्हतं. तिने इंजिन चालू ठेवलं आणि साहेबांकडे वळली.

"उतरा," ती म्हणाली.

"तुम्हाला कळतंय ना, काय म्हणताय ते?"

"कळतंय. नापास करायचं तर करा. पण या माणसांना संध्याकाळपर्यंत इथे वाकवून ठेवायचं नाही मला. उतरा आणि ढकला."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आरशाकडे. त्यांनी दार उघडलं. गाडी त्यांच्या बाजूने चांगली बोटभर वर उठली. मागून एव्हर्टचा आवाज आला, "या साहेब, इथे खांदा लावा. अहो, तो माझा खांदा." मग सगळे एकदम ओरडले आणि गाडीने उडी मारली.

एकदा सुटलेली गाडी चढावर थांबवायची नसते. थांबली की तिथेच राहिली. हे एडलाला कोणी शिकवलं नव्हतं, तिने ते तीस वर्षं बाजूला बसून पाहिलं होतं. तिने पाय उचलला नाही. माणसं आरशात लहान लहान होत गेली, त्यातली एक मोठी आकृती एका पायावर उड्या मारत होती. फाटा आला. डावीकडे घर, चूल, मांजर. उजवीकडे तालुक्याचं गाव आणि ज्या जागेवरून परीक्षा सुरू झाली ती कचेरी.

बाजूची जागा रिकामी होती. त्या जागेत तिने सगळा संसार बसून काढला होता आणि ती जागा रिकामी असते तेव्हा कशी दिसते हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं. थर्मास तेवढा पडला होता, आपलं आपण इकडून तिकडे घरंगळत. तिने उजवा दिवा लावला. बघायला कोणी नव्हतं. वाटेत लाकडाचे ओंडके लादलेला ट्रक समोरून आला. एडला उजवीकडे सरकली, ट्रक त्याच्या उजवीकडे सरकला, आणि ट्रकवाल्याने बोट कपाळाला लावून सलाम केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यामुळे ते पुसता आलं नाही.

कचेरीसमोर तिने गाडी रेघेच्या आत लावली आणि बसून राहिली.

बऱ्याच वेळाने एव्हर्टचा ट्रक आला, डावीकडून. आत तिघं कोंबून बसले होते. आधी सिग्निल्ड उतरली, रिकाम्या किटलीसकट. मग साहेब. त्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात एव्हर्टची केसाळ टोपी, कानपट्ट्या घोट्याला बांधलेल्या.

"लायसन्स नसताना एकटी गाडी घेऊन आली!" सिग्निल्डने सुरुवात केली. "सगळ्या गावादेखत! साहेब, हा तर गुन्हा झाला."

"गुन्हा आहे," साहेब म्हणाले. "लायसन्स नसेल तर."

"नाहीच आहे!"

साहेब गाडीला टेकून उभे राहिले आणि टोपीतला पाय थोडा हलवला. "बाई, जरा ऐका. परीक्षक उतरला की परीक्षा संपली. मी चढावर उतरलो. म्हणजे तिथे परीक्षा संपली. बरोबर?"

"बरोबर."

"नापास झालेल्या माणसाच्या हातात मी गाडी ठेवत नाही. किल्ली काढून घेतो आणि स्वतः परत आणतो. आजवर कधी चुकलो नाही. आज मी किल्ली काढून घेतली का?"

"नाही," एव्हर्ट म्हणाला.

"उलट, मी गाडी मागून ढकलली. खांदा अजून दुखतोय. आता जी बाई नापास आहे तिला मी स्वतः ढकलून रस्त्यावर पाठवीन का?"

"म्हणजे तुम्ही हिला पास केलंत?" सिग्निल्डचा आवाज चिरका झाला.

"केलं असं मला आठवत नाही," साहेब म्हणाले. "पण केलेलं असणार. नाहीतर मी काय केलं ते मला कचेरीत सांगता येणार नाही."

"आणि ती डावी बाजू? तो चर?"

आल्ग्रेनसाहेबांनी एडलाकडे पाहिलं. एडला समोर बघत होती. "त्या बाबतीत," ते सावकाश म्हणाले, "उमेदवाराने परीक्षकाची सूचना तंतोतंत पाळली."

एडलाने श्वास आत ओढला. श्शुप्. या वेळी साहेबांनी तब्येत विचारली नाही.

कागद झाला, शिक्का बसला. सिग्निल्ड थोडा वेळ पायरीवर उभी राहिली, मग येऊन गाडीत बसली. मागे बसली. तिला कल्वलिडेनला जाऊन स्वतःची बॅग आणायची होती आणि एव्हर्ट ट्रक घेऊन आधीच पुढे निघून गेला होता. ढकलताना चढावरच्या बर्फात रुतलेला बूट साहेबांना हवा होता. दक्षिणेत त्यांच्या बायकोला काय सांगणार, एक बूट कुठे गेला म्हणून? तेही येऊन बसले. फाट्यापाशी साहेबांचा केसाळ पाय आपोआप खाली दाबला गेला, तिथे ब्रेक नसतानाही.

"दिवा लावलाय मी," एडला म्हणाली.

"पाहिलं मी," साहेब म्हणाले.

चढाच्या वर टणक जागा बघून तिने गाडी उभी केली. मधल्या वेळात एव्हर्टचा फाळ तिथून पुन्हा गेला होता. डावीकडचा ढीग आता गाडीच्या टपाएवढा होता आणि बूट त्याच्यात कुठेतरी. साहेब उतरले. डिकीत फावडं एकच होतं, म्हणून कडेला रोवलेली एक फळी घेऊन सिग्निल्डही उतरली. दोघांनी दोन बाजूंनी उकरायला सुरुवात केली.

"तिकडे नाही हो, इकडे पडला असेल," सिग्निल्ड म्हणत होती.

"बाई, बूट माझा आहे."

"बूट तुमचा, पण बर्फ आमचा. माझं ऐका."

एडला उतरली नाही. असल्या थंडीत इंजिन बंद करून चालत नाही आणि चालू गाडीत कोणीतरी बसायला हवंच. तिने काच वर केली, थर्मास उघडला, तळाशी राहिलेली कॉफी झाकणात ओतली, आणि दोघांना उकरायची घाई करू नका म्हणून एकदा हॉर्न दिला.